कोकणातील घराचा मासिक जमाखर्च, बचत आणि कर्जफेड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांत पैसा हंगामाने येतो आणि खर्च मात्र दर महिन्याला होतो. मासळी, आंबा, काजू आणि पर्यटन या चारही धंद्यांना पावसाळ्यात खीळ बसते, आणि शाळेची खरेदी, घराची डागडुजी व गणपती हे सारे नेमके त्याच काळात एकामागून एक उभे राहते. महिन्याच्या पगारावर बेतलेले जमाखर्चाचे सल्ले येथे अपुरे पडतात ते यामुळेच. पुढील उत्तरे हा फरक ध्यानात ठेवून लिहिली आहेत.

आमची मिळकत दर महिन्याला सारखी नसते. मग महिन्याचे अंदाजपत्रक करायचे तरी कसे?

आधी वर्षाचा हिशेब मांडावा आणि त्यातून महिना काढावा. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीबंदी असते, आणि ऑगस्टमध्येही समुद्र निवळेपर्यंत लहान होड्यांना फारसे काही हाती लागत नाही. उदाहरणादाखल हर्णै बंदराजवळचे एक मच्छीमार घर घेऊ. डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती आणि खलाशांचा वाटा वजा जाता सप्टेंबर ते मे या नऊ महिन्यांत त्यांच्या हाती २,७०,००० रुपये राहतात, असे धरू. नऊ महिन्यांचा विचार केला तर महिन्याची मिळकत ३०,००० रुपये दिसते आणि खर्चही त्याच मापाने होऊ लागतो. बारा महिन्यांनी भागले तर खरा आकडा २२,५०० रुपये येतो. म्हणजे हंगामातल्या प्रत्येक महिन्याला ७,५०० रुपये बाजूला पडायला हवेत. नऊ महिन्यांत त्यांचे ६७,५०० रुपये होतात आणि जून, जुलै व ऑगस्टचा घरखर्च त्यातून तंतोतंत भागतो.

यासाठी दोन खाती असणे फार सोयीचे पडते. मासळीचा, आंब्याचा किंवा खोल्यांच्या भाड्याचा सगळा पैसा धंद्याच्या खात्यात जमा व्हावा, आणि तेथून दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला ठरलेलीच रक्कम घराच्या खात्यात यावी. एखाद्या महिन्यात मासळी भरघोस मिळाली तरी घराच्या खात्यात येणारी रक्कम वाढवू नये. ही एक सवय लागली की बाकीची निम्मी कामे आपोआप सोपी होतात, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांची मिळकत वर्षागणिक फार बदलते, उदाहरणार्थ हापूसचे बागायतदार, त्यांनी मागील तीन वर्षांतील सर्वांत कमी मिळकतीचे वर्ष आधाराला घ्यावे. मोहोर गळाला, अवकाळी पाऊस झाला किंवा थ्रिप्स या किडीने बाग धरली, तर सरासरीवर बांधलेला हिशेब पहिल्याच वर्षी कोसळतो.

महिन्याच्या २२,५०० रुपयांची वाटणी कशी असावी?

ठरावीक टक्केवारीचे सूत्र मी देणार नाही, कारण घरात म्हातारी माणसे किती, मुले कोणत्या इयत्तेत आणि तालुक्याचे गाव किती दूर, यावर सगळे अवलंबून असते. वरच्याच घराची एक शक्य वाटणी अशी होईल : किराणा, दूध आणि भाजीपाला ८,०००, वीज, गॅस आणि मोबाइल १,८००, मुलांचे शिक्षण आणि एसटीचा प्रवास ३,२००, औषधपाणी १,०००, वार्षिक खर्चांसाठी ३,०००, कर्जाचे हप्ते ४,०००, आणि बचत १,५०० रुपये.

यातील पाचवी रक्कम बहुतेक घरांच्या हिशेबात नसतेच, आणि कर्जाचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते. गणपतीसाठी १२,०००, मे महिन्यात कौले चाळून घेणे, वासे बदलणे आणि इतर डागडुजी यांसाठी ८,०००, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या, बेगमीसाठी (तांदूळ, कडधान्ये, सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा) ७,०००, जूनमधील वह्या-पुस्तके, गणवेश आणि छत्र्या यांसाठी ५,०००, आणि शिमगा व विम्याचे हप्ते मिळून ४,००० रुपये, असे वर्षाचे ३६,००० रुपये होतात. हे खर्च अचानक उपटत नाहीत. त्यांचा महिना आधीपासून ठाऊक असतो. म्हणून ३६,००० ला बाराने भागून येणारे ३,००० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत किंवा वेगळ्या खात्यात टाकले, तर चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पतसंस्थेची पायरी चढावी लागत नाही.

गणपतीच्या खर्चात काटछाट करणे मनाला पटत नाही. त्याचे काय करावे?

काटछाट करावीच असे नाही. रक्कम आधी ठरवावी, एवढेच. मूर्ती, मखर, माटवी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट), पाच किंवा सात दिवसांचे जेवणखाण, आरती-भजनाला येणाऱ्यांचे चहापाणी आणि मुंबईहून येणाऱ्या माणसांचा प्रवास यांचा गेल्या वर्षीचा खर्च भावंडांनी एकत्र बसून लिहून काढावा. जेथे घराण्याचा एकच गणपती असतो आणि भाऊ आळीपाळीने वर्ष करतात, तेथे ज्याची पाळी असेल त्याच्यावर सगळा बोजा न टाकता प्रत्येक घराने दरवर्षी सारखी वर्गणी द्यावी, हे अधिक न्याय्य होते. देवाच्या कार्यासाठी काढलेले आणि मार्गशीर्ष उलटला तरी न फिटलेले कर्ज घरातील सर्वांनाच जड जाते.

कर्ज डोक्यावर असताना बचत करणे शहाणपणाचे आहे का? सगळे पैसे कर्जातच का भरू नयेत?

व्याजाचा निव्वळ हिशेब पाहिला तर कर्ज आधी फेडणे फायद्याचे दिसते, कारण ठेवीवर समजा सात टक्के मिळत असताना कर्जावर चौदा टक्के जात असतात. परंतु हाताशी काहीच शिल्लक नसेल, तर पुढचे आजारपण किंवा होडीच्या इंजिनाचा बिघाड पुन्हा नवे कर्ज काढायला लावतो, आणि ते बहुधा जुन्यापेक्षा महाग असते. म्हणून आधी निदान एका महिन्याच्या घरखर्चाएवढी गंगाजळी उभी करावी, नंतर सर्वांत महाग कर्जावर जोर लावावा आणि ते फिटल्यावर गंगाजळी हळूहळू वाढवत न्यावी.

नोकरदारांना तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी सुचवली जाते. किनाऱ्यावरील घरांनी सहा महिन्यांचेच लक्ष्य ठेवावे. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड आणि दापोली भागातील नारळी-पोफळीच्या बागा अवघ्या काही तासांत आडव्या केल्या. पोफळीचे झाड पुन्हा उत्पन्न देऊ लागायला अनेक वर्षे लागतात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले, आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी बँकेतील शिल्लक मिळते. कपाटातील नोटा, ठेवीच्या पावत्या आणि विम्याची कागदपत्रे भिजून जातात. त्यामुळे घरात मोजकीच रोकड ठेवावी आणि महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये किंवा मुंबईतील नातेवाइकाकडे ठेवाव्यात.

कर्जे अनेक आहेत. कोणते आधी फेडावे?

एका कागदावर प्रत्येक कर्जाची शिल्लक मुद्दल, व्याजाचा वार्षिक दर, हप्ता, मुदत आणि तारण लिहावे. सर्व कर्जांचे किमान हप्ते वेळेवर भरत राहून, उरेल तो प्रत्येक रुपया सर्वाधिक दराच्या कर्जात घालावा. एखादे लहानसे कर्ज आधी संपवल्याने हुरूप येणार असेल, तर तसे करायलाही हरकत नाही. पण त्यापायी महागडे कर्ज वर्षभर तसेच राहू देऊ नये.

सर्वांत महाग कर्ज बहुधा खाजगी सावकाराचे किंवा क्रेडिट कार्डाचे असते. दापोलीतील एखाद्या नोकरदाराच्या कार्डावर ४०,००० रुपये थकले आहेत आणि दर महिना साडेतीन टक्के आहे, असे समजू. पहिल्या महिन्याचे व्याज १,४०० रुपये होते आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे २५२ रुपये. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये छापलेले असतात. ते इमानदारीने भरले तरी मुद्दलातून फक्त ३४८ रुपये कमी होतात, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. असे कार्ड कपाटात ठेवून द्यावे आणि गरज पडल्यास स्वस्त कर्ज काढून ते एकरकमी मिटवावे.

या क्रमाला पीक कर्जाचा एक अपवाद आहे. त्याचा दर सर्वांत कमी असला तरी त्याची परतफेडीची तारीख कधीही चुकवू नये. तीन लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदत पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत मिळते आणि व्याजाचा भार जवळजवळ उरत नाही. तारीख हुकली की ही सवलत जाते, आणि पुढच्या वर्षीचे कर्जही अडते.

दागिने गहाण ठेवून महागडे कर्ज फेडावे का?

हिशेबाने पाहिले तर अनेकदा हो. वरील ४०,००० रुपये बँकेच्या सोनेतारण कर्जातून वार्षिक दहा टक्क्यांनी घेतले, तर पहिल्या महिन्याचे व्याज सुमारे ३३३ रुपये होते. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कार्ड पुन्हा वापरायचे नाही, सोनेतारण कर्जाचे मुद्दलही दरमहा थोडेथोडे फेडायचे आणि मुदतीची तारीख घरातील दोघांना माहीत असली पाहिजे. वर्षअखेरीस फक्त व्याज भरून नूतनीकरण करत राहणे ही सर्वांत घातक सवय आहे, कारण एखाद्या वर्षी ते राहून जाते आणि लिलावाची नोटीस येते. शिवाय दागिने ज्या बाईचे आहेत तिची संमती मनापासून घेतलेली असावी, आणि सोडवलेला दागिना तिच्याच हाती परत जावा.

‘बारा टक्के’ व्याज सांगितले होते, पण हप्त्यांची बेरीज फार जास्त येते. असे का?

तो बहुधा सपाट दर असतो. एक लाख रुपये दोन वर्षांसाठी सपाट बारा टक्क्यांनी घेतले, तर २४,००० रुपये व्याज धरून महिन्याला सुमारे ५,१६७ रुपये हप्ता बसतो. यात संपूर्ण दोन वर्षे पूर्ण लाखावर व्याज आकारले जाते, वास्तविक मुद्दल मात्र दर महिन्याला कमी होत असते. घटत्या शिल्लकीच्या पद्धतीने मोजल्यास हाच दर वार्षिक साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. दुचाकीच्या आणि घरगुती वस्तूंच्या कर्जात हे वरचेवर आढळते. म्हणून सही करण्यापूर्वी ‘घटत्या शिल्लकीवर वार्षिक दर किती आणि सगळे शुल्क धरून एकूण किती भरावे लागणार’ हे दोन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

दलालाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल हेही कर्जच समजावे का?

होय, आणि कागदावर त्याची नोंद सर्वांत आधी करावी. फवारणी, खते, राखण आणि लाकडी पेट्या यांसाठी वाशीच्या बाजारातील आडत्याकडून उचल घेतली की माल त्यालाच पाठवणे आले. व्याज लेखी नसेलही, पण भावात, आडतीत आणि तुटीत ते वसूल होत असते. मासळीच्या धंद्यातही पैसे पुरवणाऱ्यालाच मासळी द्यायची, असा रिवाज आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी किसान क्रेडिट कार्डाने हा खर्च भागवावा. २०१८-१९ पासून ही सोय मच्छीमारांनाही खुली झाली आहे. सगळी उचल एका वर्षात सुटत नाही, परंतु दरवर्षी थोडा माल स्वतंत्रपणे, थेट ग्राहकाला किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याला विकता आला, तरी भाव ठरवताना आपली बाजू बळकट होते.

पतसंस्था, भिशी आणि बचत गट यांपैकी पैसे कोठे सुरक्षित असतात?

बँकेतील ठेवींना, सहकारी बँका धरून, एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाली. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. गावची पतसंस्था चांगली चाललेली असू शकते आणि अडीनडीला तीच उभी राहते, हे खरे आहे. तरीही गंगाजळी, म्हातारपणाची पुंजी आणि मुलीच्या लग्नाचा पैसा बँकेत किंवा पोस्टातच ठेवावा. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी सगळी पुंजी एकाच संस्थेत ठेवणे मला योग्य वाटत नाही.

भिशी विश्वासावर चालते आणि कोणी मधेच हात वर केले तर दाद मागणे अवघड जाते. बुडाली तर घर हादरणार नाही, एवढीच रक्कम त्यात असावी. महिला बचत गटाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे बँकेत खाते असते, बैठकीचे इतिवृत्त असते, आणि उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून किंवा महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत (माविम) जोडलेल्या गटाला बँकेचे कर्ज सावकारापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

सूक्ष्म वित्त कंपनीचा हप्ता आणि मोबाइलवरील झटपट कर्ज यांबाबत काय काळजी घ्यावी?

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज देताना कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. येथेही हंगामातील ३०,००० सांगायचे नसतात, वर्षाचे २२,५०० सांगायचे असतात. नाहीतर हप्ता मार्चमध्ये सुसह्य आणि जुलैमध्ये अशक्य ठरतो.

मोबाइल ॲपवरून कर्ज घेण्यापूर्वी मागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था आहे हे पाहावे. फोनमधील संपर्क आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागणारे ॲप तत्काळ काढून टाकावे. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी किंवा सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई आहे. संस्थेने तक्रारीची ३० दिवसांत दखल घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फसवणुकीने पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे.

मी मुंबईत नोकरी करतो आणि गावी घर आहे. दोन्हीकडचा मेळ कसा घालावा?

गावी पाठवायची रक्कम भाड्याइतकीच अटळ मानावी आणि पगाराच्या दिवशीच पाठवावी. मागतील तेव्हा पाठवायचे ठरवले की गावच्या माणसाला हात पसरावा लागतो आणि मुंबईच्या माणसाला हिशेब लागत नाही. घराची डागडुजी, घरपट्टी आणि विजेचे बिल यांसाठी भावंडांनी मिळून एक संयुक्त खाते ठेवले, तर ‘कोणी किती केले’ हा वाद बराच शमतो.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. सातबारा सामाईक असेल तर त्यावर मोठे कर्ज काढताना सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. आईवडिलांवरच्या प्रेमापोटी किंवा भावाच्या शब्दाखातर सही करण्यापूर्वी, तो फेडू शकला नाही तर आपल्याच्याने हप्ता भरवेल का, याचा विचार करावा. जामीनदाराचेही तेच आहे, कारण त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

थोडक्या रकमेची बचत कोठे सुरू करावी?

पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते आणि पाच वर्षे चालते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. मुदत पंधरा वर्षांची आहे, आणि पैसे महिन्याच्या ५ तारखेपूर्वी भरल्यास त्या महिन्याचे व्याज मिळते. हंगामी मिळकतीला ही योजना चांगली मानवते, कारण आंब्याचे पैसे आल्यावर एकदाच भरणाही चालतो. दहा वर्षांखालील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते आहे.

बचतीआधी विमा पाहावा. बँक खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. समुद्रावर जाणाऱ्या आणि माडावर चढणाऱ्या माणसाने हे दोन्ही न घेण्याला काहीही कारण नाही. हप्ता कापला जाण्याच्या दिवशी खात्यात शिल्लक नसली तर विमा खंडित होतो, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस खाते तपासावे.

कर्ज पूर्ण फिटले. आता काही करायचे राहते का?

राहते, आणि त्यात हयगय करू नये. कर्ज निरंक झाल्याचा दाखला घ्यावा. मालमत्तेची मूळ कागदपत्रे पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत परत मिळायला हवीत. संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. जमिनीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र तलाठी कार्यालयात देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी करून घ्यावा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा. अनेक घरांत वडिलांनी फेडलेल्या कर्जाचा बोजा मुलाच्या काळातही उताऱ्यावर दिसतो आणि वाटणीच्या वेळी नडतो. त्यानंतर दोनेक महिन्यांनी पतअहवाल, म्हणजे आपल्या कर्जांची व परतफेडीची नोंद, मागवावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. त्यात ते खाते बंद दिसत नसेल, तर दाखल्याची प्रत जोडून लेखी दुरुस्ती मागावी.